नांदूरमध्यमेश्वरच्या काठाला घर आहे, पक्षी बघायला येणाऱ्यांवर संसाराला हातभार लागेल का? कर्ज काढून खोल्या बांधू का नको?

निफाडची_सून

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबलंय पण पूर्ण वाचा ही विनंती.

आमचं गाव अभयारण्याच्या अगदी काठाला, नाव मुद्दाम लिहीत नाही. अडीच एकर वावर आहे, त्यात एक एकर द्राक्षबाग, बाकी कांदा आणि घरापुरती बाजरी-ज्वारी. मागच्या तीन वर्षांत दोनदा अवकाळीने बाग झोडपली, एकदा मणी तडकले, एकदा डावणी रोग आला, औषधाचा खर्चसुद्धा निघाला नाही. कांद्याचं काय सांगू, तुम्ही सगळे भाव बघताच. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन पोरं, मोठी आता दहावीला.

तर झालं असं की गेल्या डिसेंबरात एक दिवस सकाळी साडेदहाच्या सुमारास नाशिकची दोन जोडपी आमच्या दारात येऊन उभी राहिली, गळ्यात दुर्बिणी, पायाला चिखल, आणि त्यातल्या ताईंनी आधी विचारलं की बाथरूम वापरू का, मग दुसऱ्या ताईंनी विचारलं जवळपास कुठे जेवायला मिळेल का. मी म्हटलं बसा की. चुलीवर वांगी भाजायला टाकलेलीच होती, भरीत केलं, बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि कांद्याची पात. पैसे घ्यायचं माझ्या मनातही नव्हतं, पण जाताना त्यांनी सासूबाईंच्या हातात आठशे रुपये ठेवले आणि माझा नंबर घेतला. त्या एका सीझनमध्ये त्यांच्या ओळखीने अजून पाच वेळा लोक आले. त्या पैशातून पोरीच्या क्लासची फी भरली, माझ्या हाताने कमावलेल्या पैशातून भरली, हे मला फार मोठं वाटलं.

आता चुलत दीर नाशिकला असतात ते म्हणतात की अभयारण्य रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आलंय, समृद्धी महामार्गामुळे मुंबईची माणसं सिन्नरला पटकन येतात, २०२७ ला सिंहस्थ आहे, बांधाकडेच्या दहा गुंठ्यात चार खोल्या बांधा, पुढे लहानसा स्विमिंग पूल करा, चौदा लाख लागतील, कर्ज मी बघून देतो. आमचे हे अर्धे तयार झालेत. सासूबाई म्हणतात परदेशातून येणाऱ्या पाखरांच्या भरवशावर वावर गहाण टाकायचं नाही. मला दोघांचंही पटतं आणि रात्री झोप लागत नाही.

मला विचारायचंय की हे वर्षभर चालतं का, खोल्या बांधाव्या का नुसतं जेवणच चालू ठेवावं, वनखात्याची परवानगी कशाकशाला लागते, आणि आणखी एक, आमच्यासारख्या सगळ्यांनीच काठाला खोल्या बांधल्या, लायटी लावल्या तर ते पक्षी राहतील का? कारण थंडीत पहाटे अंगणात उभं राहिलं की धुक्यातून त्यांचा जो कलकलाट ऐकू येतो ना तो मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, तो आमच्यामुळे बंद पडावा असं मला अजिबात नको आहे.

पाणवठा_नाशिक

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी आधी नमस्कार, खोल्या बांधायच्या आधी हा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

मी नाशिकरोडला राहतो, सतरा-अठरा वर्षं थंडीतले जवळजवळ सगळे रविवार तुमच्याकडेच जातात. म्हणजे मी तुमचं गिऱ्हाईक, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून काय लागतं ते सांगतो. आम्ही घरून पहाटे पाचला निघतो, चाळीसेक किलोमीटर येतो, साडेसहाला पक्षी बघायच्या टॉवरवर असतो. त्या वेळी हात गारठलेले असतात आणि गरम चहा कुठेच नसतो. (निफाडची थंडी म्हणजे काय ते राज्यात सगळ्यांना माहितीये, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दरवर्षी पेपरात पहिल्या पानावर असतो.) दहाला ऊन चढतं, फोटो काढायला प्रकाश कडक होतो, पोटात कावळे ओरडायला लागतात. बारा-एकला आम्ही परत निघतो. रात्री राहणारे म्हणजे मुंबई-पुण्याचे, आणि तेही बहुतेक शनिवारी एकच रात्र. म्हणजे तुमच्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ जणांना खोली नको आहे, चहा, नाश्ता, जेवण आणि स्वच्छ बाथरूम हवंय. आमच्या ग्रुपमधल्या कितीतरी बायका फक्त बाथरूमच्या अडचणीमुळे यायचं टाळतात, हे मी माझ्या बायकोचं बघून सांगतोय.

आता पक्ष्यांचं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, त्याच्या मागे वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, उथळ पाणी, मधे बेटं, कडेला पाणगवत, त्यातून हे सगळं तयार झालं. म्हणजे माणसाच्याच कामातून झालेली पाणथळ आहे ही. १९८६ ला अभयारण्य झालं, साधारण १०० चौरस किलोमीटर, आणि जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली जागा, लोणार त्याच वर्षी नंतर आलं. पण लक्षात घ्या, रामसर म्हटल्यावर लगेच बसगाड्या भरून माणसं येत नाहीत. तुमच्या दिरांना जो आकडा दिसतोय तो मला तरी दिसत नाही.

आणि सिंहस्थाचं गणित तर पूर्णच चुकतंय. पर्वण्या २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरला आहेत, भर पावसाळ्यात. पाहुणे पक्षी येतात ते दिवाळीनंतर, खरा जोर डिसेंबर-जानेवारी, फेब्रुवारी संपत आला की परतीला लागतात. कुंभाला येणारा माणूस रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला जाणार, तो चापडगावच्या टॉवरवर तलवार बदक बघायला येत नाही. त्या गर्दीच्या भरवशावर कर्ज काढू नका ही हात जोडून विनंती.

शेंडीकडची

बाई, तुझी पोस्ट वाचून मला माझीच पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली म्हणून लिहिते.

मी भंडारदऱ्याच्या पलीकडची, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातलं गाव. आमच्याकडं मे संपताना, पाऊस तोंडावर आला की काजवे येतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, अशी झाडंच्या झाडं पेटल्यासारखी दिसतात आणि एकदम विझतात, पुन्हा एकदम लागतात. आम्ही लहानपणापासून बघितलेलं, त्याचं कुणी पैसे देईल असं स्वप्नातही नव्हतं. मग शहरातून माणसं यायला लागली, आधी थोडी, मग एका शनिवारी गाड्यांची रांग पार धरणाच्या भिंतीपर्यंत.

आम्ही काय चूक केली ते सांगते. एका टूरवाल्याने आमच्याशी बोलणी केली, साठ माणसं एका रात्रीत आणली, जेवण आम्ही करायचं, तंबू त्याचे. पाणी कुठून आणायचं हे कुणी विचारलंच नाही. धरण डोळ्यासमोर आहे पण मे महिन्यात आमच्या वस्तीला टँकर येतो, हे बाहेरच्याला खरं वाटत नाही. त्या साठ जणांच्या आंघोळीला आम्ही बायकांनी सकाळी चारपासून हंडे वाहिले. माझी जाऊ सहा महिन्यांची गरोदर होती, तीसुद्धा वाहत होती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. रात्री ती माणसं मोबाईलच्या बॅटऱ्या लावून झाडाखाली शिरली, गाड्यांचे हेडलाईट चालू, गाणी चालू. काजव्यांची मादी खाली गवतात, झुडपात असते, अंडी जमिनीत घालतात, अळ्या ओल्या मातीत वाढतात, आणि नर उजेडानेच तिला शोधतो. मोठा उजेड पडला की त्याला ती दिसत नाही. आणि वर साठ माणसांचे बूट. पुढच्या वर्षी आमच्या वस्तीमागचं जे मोठं बेहड्याचं झाड होतं त्याच्यावर अगदी तुरळक दिसले, आमची म्हातारी आत्या म्हणाली की झाड रुसलं. टूरवाल्याने अर्धे पैसे दिवाळीला दिले, अर्धे अजून दिले नाहीत.

मग आम्ही सात घरं एकत्र बसलो. ठरवलं की एका घरात एका रात्री जास्तीत जास्त आठ माणसं, पाळीने. ज्याची पाळी त्याचंच गिऱ्हाईक, नातेवाईक असला तरी दुसऱ्याने ओढायचा नाही. आंघोळीला एक बादली, आधीच फोनवर सांगायचं, पटलं तर या. बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद लावून देतो, अंगणातली लाईट आठला बंद, गाडी गावात ठेवायची आणि चालत यायचं, बरोबर आमचा माणूस. पायवाट सोडायची नाही. आणि दर पाहुण्यामागे वीस रुपये बाजूला डब्यात, त्यातून दोन वर्षांत पावसाचं पाणी साठवायची टाकी झाली. माणसं कमी झाली का, तर झाली. पण जी येतात ती पुन्हा येतात, नाचणीचं पीठ, हातसडीचा तांदूळ, करवंदाचं लोणचं घेऊन जातात. खरं सांगते, राहण्यापेक्षा त्यात जास्त सुटतं.

वर्षभर चालतं का विचारलंस. नाही चालत. काजव्यांचे तीनेक आठवडे, मग पावसाळ्यात शनिवार-रविवार धबधब्यांचे, आणि थंडीत कळसूबाई चढणारे थोडे. बाकी भात आणि नाचणी आहेच. आमच्यात ज्या एका घराने शेती वाटेकऱ्याला देऊन खोल्या बांधल्या, त्यांना लॉकडाऊनमध्ये हप्ता भरायला बैल विकावे लागले. तुझ्या सासूबाई बरोबर बोलतात. वावर हातचं सोडू नकोस.

निफाडची_सून

मावशी, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं. यांना पण वाचून दाखवलं, ते गप्पच बसले. ही पाळीची पद्धत आमच्या गावात चालेल का हे माहीत नाही, आमच्याकडे भाऊबंदकी फार आहे. आंघोळीच्या पाण्याचा प्रश्न आमच्याकडे नाही, पाणी भरपूर आहे, पण संडासाचं पाणी काठाजवळच मुरतं ते नदीत जाईल का ही शंका आता नव्याने आली.

दुर्बीणवाला

वहिनी, आपण तुमच्या शेजारच्याच गावचा असणार, अभयारण्याच्या गेटवर गाईड म्हणून काम करतो. नवव्या-दहाव्या वर्षात आहे. आधी मी सायखेड्याला ट्रॅक्टरवर होतो.

खरं खरं सांगतो भो, गाईडकीचे चांगले पैसे म्हणजे दहा-बारा आठवडे. त्यातही शनिवार-रविवार. बाकीचे दिवस मी कांदा लावणीला, काढणीला जातो, घरच्या गाई आहेत. ज्या वर्षी पाऊस चांगला आणि पाणी टिकून राहतं त्या वर्षी बरं, पण आपल्याकडे पाणी पक्ष्यांच्या हिशोबाने नाही, आवर्तनाच्या, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडायच्या पाळीच्या हिशोबाने चालतं. आवर्तन सुटलं की दोन दिवसांत पाणी खाली जातं, खाली वैजापूर-गंगापूरपर्यंत शेतकरी वाट बघत असतात, त्यांचंही चूक नाही. पाणी थोडं उतरलं की चिखल उघडा पडतो, शेकाटे, तुतारी असले चिखलातले पक्षी जवळ येतात, तेव्हा मजा असते. फार उतरलं की बदकं उठून जातात. गिऱ्हाईक मुंबईहून आलेलं असतं आणि समोर नुसता गाळ, मग तो माझ्यावर चिडतो. ज्याच्या पाण्याचा नळ दुसऱ्याच्या हातात आहे त्याच्यावर चौदा लाखांचं कर्ज काढायचं म्हणजे फार झालं. राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानाशी आपल्याला लोक तोलतात ना, महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, तर तिथेही वरच्या धरणातून पाणी सुटलं नाही तेव्हा तळी कोरडी पडली होती.

पण भरतपूरची एक गोष्ट फार घेण्यासारखी आहे. तिथे वर्षानुवर्षं सायकलरिक्षावाले आत नेत आलेत आणि तेच गाईड असतात, त्यांना पक्षी इंग्रजी नावानिशी तोंडपाठ. मोटारगाडी आत नाही, धूर नाही, आवाज नाही, आणि पैसा थेट रिक्षावाल्याच्या खिशात. तसंच ओडिशात चिल्का सरोवराच्या काठाला मंगलाजोडी म्हणून गाव आहे, तिथली माणसं आधी पक्षी मारून विकायची, तीच आता वल्ह्याच्या होडीतून पक्षी दाखवतात आणि राखतातही. ज्याला पक्षी कुठे बसतो ते सगळ्यात जास्त माहीत, त्यालाच राखण दिली. हे माझ्या मनात कायम असतं.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. निफाडच्या एक आजी आल्या होत्या नातवाबरोबर, नऊवारीत, त्यांना स्कोपला, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावता येईना. एक डोळा झाकला की दोन्ही मिटायचे. मग मी त्यांच्या डाव्या डोळ्यावर त्यांचाच पदर धरला आणि वारकरी पक्षी लावून दिला, काळाकुट्ट असतो आणि कपाळावर पांढरं गंध लावल्यासारखं. आजींनी बघितलं आणि स्कोपलाच हात जोडले. म्हणाल्या सत्तर वर्षं नदीच्या काठाला राहिले पण हा एवढा जवळून कधी दिसला नव्हता. शंभर रुपये देत होत्या, मी घेतले नाहीत. आपल्या गावातल्या लोकांनाच आधी हे दाखवलं पाहिजे असं मला तेव्हापासून वाटतं, म्हणून शाळेची पोरं आली की आम्ही फुकट दाखवतो.

तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. पाहुण्याला पहाटे एकट्याला उसाच्या कडेने पाठवू नका, बिबट्याचं तुम्हाला माहितीच आहे, आमच्यापैकी कुणालातरी फोन करा. पाण्याच्या बाजूला फोकस लावू नका, लावायचाच तर पिवळा, खाली तोंड केलेला. ड्रोनला अभयारण्यात बंदी आहे, कुणी अंगणातून उडवतो म्हणाला तर नाही म्हणा, एक ड्रोन उडाला की हजारो बदकं उठतात आणि तासभर बसत नाहीत, लांबून आलेला जीव दमलेला असतो हो. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावणारे असतात, त्यांनाही नाही म्हणा. आणि बागेवर फवारणी असेल त्या दिवशी टाकी, नळी नदीत धुवू नका. हे शेवटचं मी सगळ्यांनाच सांगतो आणि काही जण माझ्याशी बोलत नाहीत त्यामुळे.

गाईड आणि जेवण यांची सांगड घाला. आमच्यात नंबर लावायची पद्धत आहे, ज्याचा नंबर तो जातो, तसंच जेवणाच्या घरांचा नंबर लागू शकतो. भाऊबंदकी असू द्या, नंबराची वही गेटवर ठेवली की कुणाला बोलायला जागा राहत नाही.

सिन्नरकर

मी कागदपत्रांपुरतं लिहितो, पक्ष्यांतलं मला कळत नाही.

राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं आहे. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतावर, किमान एक एकर जमीन असेल तर, नोंदणी करता येते, खोल्या जास्तीत जास्त आठ. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे, नाशिकला विभागीय कार्यालय आहे, स्वतः जाऊन भेटा, एजंटला पैसे देऊ नका. तुमच्याकडे अडीच एकर आहे म्हणजे बसता. दुसरं, महिलांसाठी २०२३ ला आई नावाचं धोरण आलं, त्यात महिलेच्या नावावर पर्यटनाचा धंदा असेल तर १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज सरकार परत देतं, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपये होईपर्यंत, जे आधी होईल ते. नीट समजून घ्या, व्याज आधी तुम्ही भरायचं, हप्ते वेळेवर गेले तर मग परतावा. मुद्दल तुमचंच. म्हणजे सीझन गेला आणि हप्ता थकला की योजनेचाही उपयोग नाही. कर्ज घ्यायचंच झालं तर ताईंच्या नावाने घ्या, दिरांच्या ओळखीने नको, आणि चौदा लाख नको.

जेवण विकणार म्हणजे अन्नसुरक्षेची साधी नोंदणी करून घ्या, लहान धंद्याला वर्षाची फी शंभर रुपये आहे, ऑनलाइन होते. अभयारण्याच्या हद्दीला लागून पक्कं बांधकाम करायचं तर ग्रामपंचायतीच्या ठरावावर थांबू नका, आधी वनविभागाच्या वन्यजीव कार्यालयात गट नंबर दाखवून लेखी विचारा. आमच्या ओळखीच्या एकाने आधी स्लॅब टाकला आणि मग विचारायला गेला, तीन वर्षं नुसत्या नोटिसा. संडासाला शोषखड्डा नदीपासून जितका लांब नेता येईल तितका न्या, दोन कप्प्यांची टाकी करा.

पाणवठा_नाशिक

सिन्नरकरांनी मुद्द्याचं सांगितलं. गर्दीवरून कास पठाराची आठवण झाली. तिथे फुलांच्या सीझनला दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे, आधी बुकिंग करावं लागतं, आणि ते सगळं आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर चालवतात, पार्किंगपासून राखणीपर्यंत गावचीच पोरं. कोकणात वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक जातात, ते गावकऱ्यांच्या घरातच राहतात, घरचंच जेवतात. तिथे हॉटेल नाही म्हणून कुणाचं अडत नाही. चांगल्या गोधड्या आणि स्वच्छ बाथरूम असेल तर तुमच्या ओसरीवर मी स्वतः झोपायला येईन.

गोदाकाठ_भोई

सगळं वाचलं. कुणी आमच्याबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आमच्या दोन पिढ्या या पाण्यावर जाळं टाकून जगल्या. अभयारण्य झालं, बंधनं आली, काही बरोबरच होती, मला ते मान्य आहे, कारण बारीक जाळ्यात पाणकोंबडीची पिल्लं अडकलेली मी स्वतः सोडवली आहेत. पण ज्याचं काम गेलं त्याला काय मिळालं? गेटवर तिकीट फाडतात, दुर्बीण भाड्याने देतात, त्यात आमच्या वस्तीतला एकही पोरगा नाही. वडील नुसतं पाण्याकडे बघून सांगायचे की उद्या कुठल्या बेटावर काय उतरणार. ते ज्ञान त्यांच्याबरोबर गेलं. ओडिशाच्या गावाचं दुर्बीणवाल्याने लिहिलं, तसं इथे का नाही झालं हा माझा प्रश्न आहे.

पाणवेली, म्हणजे जलपर्णी, काढायचं काम दरवर्षी निघतं, नाशिकचं सगळं सांडपाणी खाली येतं त्यावर ती पोसते. ते काम बाहेरच्या ठेकेदाराला जातं, मशीन येतं, थोडं काढतं, काठावरच टाकून जातं. आमच्या बायकांना रोजंदारीवर द्या, मुळापासून काढतील आणि त्याचं खत करतील. ताई, तुम्ही सीझनला मदतीला माणूस लावणार असाल तर आमच्या वस्तीतल्या दोघी-तिघींना विचारा. आणि पाहुण्यांनी मासे मागितले तर अभयारण्यातले घेऊ नका, तळ्यात पाळलेले घ्या, नाहीतर आमच्याच पोरांना रात्री जाळं टाकायचा मोह होतो आणि मग केस होते.

दुर्बीणवाला

दादा, तुमचं खरं आहे, मला आधीच लिहायला पाहिजे होतं. पुढच्या सीझनला गाईडची नवीन बॅच घ्यायची असं गेटवर चाललंय, वस्तीतली दोन पोरं पाठवा, नावं शिकवायचं माझ्याकडे लागलं. मशीनची होडी इथे नकोच, पण वल्ह्याच्या होडीचं आपण दोघं मिळून वनखात्याच्या साहेबांना विचारू, ते नाही म्हणाले तर नाही, पण विचारू तर.

निफाडची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी मी, सासूबाई आणि हे असे तिघं गेटवर गेलो होतो. सासूबाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्कोपमधून बघितलं, हळदीकुंकू बदक दाखवलं त्यांना, चोचीला पिवळं आणि लाल. बराच वेळ बघत होत्या, बोलल्या काही नाहीत, घरी येऊन पोरीला सांगत बसल्या.

ठरलं ते असं. चौदा लाखांचं कर्ज नाही. दिरांना यांनीच फोन करून सांगितलं, ते थोडे नाराज आहेत. घरामागे जुनी कांद्याची चाळ आहे, तिचा एक भाग नीट करून तिथे बसायला जागा, आणि बांधापासून लांब, रस्त्याच्या बाजूला दोन चांगली बाथरूम, दोन कप्प्यांच्या टाकीसकट. गवंड्याने अंदाज एक लाख तीस हजार दिलाय, त्यातले साठ बचत गटातून मिळतील. ज्वारी या वर्षी थोडी जास्त पेरणार, डिसेंबर-जानेवारीत हुरडा देता येईल, द्राक्षं जानेवारीनंतर आहेतच, आणि उरलेल्यांचे बेदाणे करून पाकिटं ठेवणार. शेंडीच्या मावशींसारखा वीस रुपयांचा डबा पहिल्या दिवसापासून. भोई दादा, तुमच्या वस्तीतल्या दोन ताईंशी मी परवा बोलून आले, शनिवार-रविवारी येतो म्हणाल्या. नंबराच्या वहीचं गावात अजून बोलायचंय, माझ्या सख्ख्या चुलत सासऱ्यांपासून सुरुवात करावी लागेल, ते सोपं नाही.

खोल्यांचं पुढच्या मार्चला, सीझनचा सगळा हिशोब समोर ठेवून बघू.

पाणवठा दादा, तुमचा सहा जणांचा ग्रुप २८ तारखेला येणार असं फोनवर म्हणालात ना, चहा सहाला गेटवरच आणून देते, किटलीतून. फक्त त्यात कुणी कांदा-लसूण न खाणारं असेल तर आदल्या दिवशी सांगा, आमच्याकडे सगळ्यातच कांदा असतो, वेगळी चूल मांडावी लागेल.